फाट्यावर सांगून जाणे

मंगळवार, १६ एप्रिल २०२४ रोजी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, मिटमिट्याच्या पुढच्या एका वसाहतीत, एका घरातल्या कॉम्प्युटरचा पत्ता बदलला. जीवितहानी झाली नाही. कॉम्प्युटर जागचा हललासुद्धा नाही. वीज गेली, चार मिनिटांनी आली, आणि इंटरनेट कंपनीने त्याला जुना पत्ता परत न देता नवा दिला, एवढेच घडले.

ज्याचा पत्ता माहीत नाही त्याला हुकूम देता येत नाही, या तत्त्वावर जगातली सर्व राज्ये चालतात. घरेही चालतात. नऊ वाजून वीस मिनिटांनी या घराच्या नळाला नऊ दिवसांनी पाणी आले. पाळीचा दिवस धरून त्याच वेळी साठ किलोमीटरवर, कन्नडजवळच्या एका साखर कारखान्याच्या कार्यालयात बसलेल्या भारत मल्हारराव यांनी घरच्या कॉम्प्युटरला ‘मोटार चालू’ असा हुकूम सोडला. एकूण अकरा वेळा सोडला. अकराही हुकूम जुन्या पत्त्यावर व्यवस्थित पोहोचले. मात्र त्या पत्त्यावर एव्हाना दुसरेच कोणी राहायला आले होते आणि त्यांच्याकडे मोटार नव्हती. दहा वाजून पाच मिनिटांनी पाणी गेले.

(नळाच्या वाहिनीला थेट मोटार जोडणे नियमबाह्य आहे. त्यामुळे या मजकुरात मोटार जिथे जिथे येईल तिथे ती जमिनीखालच्या हौदात आहे असे समजावे. वसाहतीतल्या सर्व मोटारी तिथेच आहेत, असे सर्वांनी लिहून दिलेले आहे.)

त्या पंचेचाळीस मिनिटांत घर रिकामे होते असे नाही. भारत यांच्या मातोश्री बानाबाई, वय अडुसष्ट, घरातच होत्या. मोटारीपासून त्यांचे अंतर चार पावले होते. परंतु त्यांचा यंत्रणेत समावेश नव्हता.

याला कारण होते. फेब्रुवारीत नळातून सूं-सूं आवाज आल्यावर बानाबाईंनी भिंतीवरचे बटण दाबले होते. नळात पाणी नव्हते, हवा होती. मोटार कोरडी चालून जळाली. प्रकरणाची चौकशी भारत यांनी केली, अहवाल त्यांनीच दिला, स्वीकारलाही त्यांनीच. अहवालातील शिफारशीनुसार भिंतीवरचे बटण काढून त्या जागी प्लास्टर करण्यात आले आणि मोटार कॉम्प्युटरला जोडण्यात आली. नळाला पाणी आले की कॉम्प्युटरला कळते. कॉम्प्युटरला कळले की भारत यांना दिसते. भारत यांना दिसले की ते हुकूम देतात. हुकूम मिळाला की कॉम्प्युटर मोटार चालू करतो. कॉम्प्युटरला कळतेच आहे तर त्यानेच मोटार चालू का करू नये, असा प्रश्न काही उतावळ्या लोकांनी विचारला. भारत कारखान्यात पाळीप्रमुख आहेत. आपल्या सहीशिवाय एखादे यंत्र सुरू होते, ही कल्पना त्यांना सहन होत नाही.

आता यात पणाला काय होते, ते नोंदवणे आवश्यक आहे. तीन मेंढ्या पणाला होत्या.

वडील मल्हाररावांच्या हयातीत कळप एकशे चाळीसचा होता. ते गेल्यावर विकत-विकत तो तीनवर आला. गावची विहीर आटल्यावर या तीन मेंढ्या (भुरी, कानी आणि जिला नाव नाही ती) बानाबाईंनी जीपमध्ये घालून शहरात आणल्या आणि घराच्या मागच्या मोकळ्या जागेत बांधल्या. तीन मेंढ्यांना उन्हाळ्यात दिवसाला पंधरा लिटर पाणी लागते. पाणी साधारण नऊ दिवसांनी येते. म्हणजे एका पाळीत एकशे पस्तीस लिटर. ‘पाण्याची पाळी दोनदा हुकल्यास मेंढ्या कन्नडच्या आठवडी बाजारात पाठवण्यात येतील,’ असा निर्णय भारत यांनी एकमताने घेतला होता. १६ एप्रिलला पहिली पाळी हुकली. त्या नऊ दिवसांत शेजारच्या गोजरबाईंनी भिंतीवरून रोज दोन कळश्या दिल्या आणि प्रत्येक कळशीबरोबर भारत यांच्या शिक्षणाविषयी एकेक वाक्य दिले.

दुसरी पाळी हुकू नये म्हणून कॉम्प्युटरचा पत्ता सतत माहीत ठेवणे भाग होते. अडचण अशी की, वीज गेली की पत्ता बदलतो. नवा पत्ता कॉम्प्युटरलाच माहीत असतो. कॉम्प्युटरला विचारायचे तर त्याचा पत्ता लागतो.

पहिला उपाय म्हणून गोजरबाईंची पत्तावाचक या पदावर मानद नियुक्ती झाली. बानाबाईंना अक्षरओळख नाही आणि गोजरबाई सातवी पास आहेत. पहिल्याच दिवशी भारत यांनी फोन केला.

“काकू, समोरच्या डब्यावर पत्ता दिसतोय का? तो वाचा.”

“आता तुझ्याच घरचा पत्ता मला विचारतो व्हय रं? गट नंबर बावन्न, मारुती किराणाच्या मागं.”

“तो नाय काकू. आकड्यांचा. मधी-मधी टिंबं असत्यात.”

“हां, हाय. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक.”

हा पत्ता कॉम्प्युटरशेजारच्या इंटरनेटच्या डब्यावर कायमचा छापलेला होता. तो घरातल्या घरात वापरायचा पत्ता असून शहरातल्या हजारो घरांत अगदी तोच असतो. (राष्ट्रीय एकात्मतेचे याहून मोठे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.) घराबाहेर त्याचा उपयोग शून्य. भारत यांनी तीन दिवस त्याच पत्त्यावर हुकूम सोडले. त्यामुळे कारखान्याच्या कार्यालयातला छपाईयंत्राचा डबा तीन वेळा बंद पडला. त्याचाही घरातला पत्ता तोच होता.

दुसरा उपाय कायदेशीर होता. इंटरनेट कंपनीकडे अर्ज केल्यास कॉम्प्युटरला कायमचा, कधीही न बदलणारा पत्ता मिळतो. त्याच आठवड्यात शनिवारी रजा टाकून भारत क्रांती चौकाजवळच्या कार्यालयात गेले. खिडकीवर सत्यशीला मॅडम होत्या. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

“कायमचा पत्ता लिहिला नाही तुम्ही.”

“तोच तर मागायला आलोय, मॅडम.”

“तो कॉम्प्युटरचा. मी तुमचा विचारतेय. कायमचा पत्ता पाहिजे तर कायमच्या पत्त्याचा पुरावा लागतो.”

भारत यांनी पिशवीतून पुरावे काढले. ते येणेप्रमाणे: आधार कार्डावर गाव, तालुका कन्नड, जिल्हा औरंगाबाद. वीजबिलावर ‘गट क्र. ५२, नियोजित जलकुंभाजवळ, औरंगाबाद’. घरपट्टीच्या पावतीवर ‘नियोजित जलकुंभाजवळ, छत्रपती संभाजीनगर’, पण वॉर्ड वेगळा, कारण मधल्या काळात वॉर्डाची हद्द घरावरून पलीकडे गेली होती. गुंठेवारीच्या फायलीत प्लॉट नंबर १७. नकाशात प्लॉट नंबर १७ वर रस्ता. शिवाय नियोजित जलकुंभ दरम्यान नकाशात दोन किलोमीटर पूर्वेला नेण्यात आला होता. त्यामुळे घर जागेवर असूनही आता कशाच्याच जवळ नव्हते.

मॅडमनी कागद ओळीने मांडले आणि पुष्कळ वेळ पाहिले. सूर सहानुभूतीचा होता.

“दादा, नाराज नका होऊ. पण यातला तुम्ही नेमका कुठला?”

“सगळा मीच आहे, मॅडम. घर हललेलं नाय. बाजूचंच बदलत गेलं.”

“ते ठीकच आहे. पण तुमचाच ठिकाणा नक्की नाही, तर कॉम्प्युटरला कुठून देऊ? आधी तुम्ही कायमचे व्हा. मग त्याला आणा.”

अर्ज ‘त्रुटीपूर्ततेसाठी’ परत मिळाला. कॉम्प्युटरचा पत्ता त्या आठवड्यात पाच वेळा बदलला. घराचा एकदाही बदलला नाही. ही गोष्ट कंपनीने विचारात घेतली नाही.

२१ एप्रिलच्या रविवारी भारत घरी आले होते (ते आठवडाभर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतात). ते कॉम्प्युटरसमोर डोके धरून बसले होते. बानाबाई मागच्या दारात भुरीच्या खुरातला काटा काढत होत्या. त्यांनी विचारले.

“काय झालंय त्याला?”

“हा जागा बदलतो, आई. कुठं गेला ते कळत नाय.”

“मग त्यात काय? तुझा बाप आठ-आठ म्हैने मेंढरं घिऊन भायेर असायचा. आज मेंढरांचा वाडा हितं, उद्या तिथं. कवा हुकला का मला?”

“तवा फोन नव्हते. कसा घावायचा?”

“वाडा हलला की फाट्यावरल्या हाटेलात सांगून जायचा. आता अमक्या गावाला चाललो म्हनून. म्या भाकरी घिऊन फाट्यावर जायचे, हाटेलवाल्याला इचारायचे आन् जायचे. वाडा हलतो. फाटा हलतो व्हय?” त्यांनी काटा काढून भिंतीवर ठेवला. “याला बी सांग. हललास की फाट्यावर सांगून जा म्हनावं.”

भारत यांनी तीस सेकंद विचार केला. ज्या गोष्टीसाठी परदेशात मोठमोठ्या कंपन्या चालतात, ती आपल्या घरात भाकरीबरोबर चालत होती, हे त्यांना त्या तीस सेकंदांत कळले की नाही, याची नोंद नाही. त्यांनी कॉम्प्युटरला एक जुना फोन जोडला आणि अशी व्यवस्था केली की पत्ता बदलला रे बदलला, की कॉम्प्युटरने स्वतः होऊन एक संदेश ठरलेल्या जागी पाठवावा.

ठरलेली जागा म्हणजे कारखान्याच्या फाट्यावरचे कडुबाचे हॉटेल. कारखान्याच्या आवारात मोबाईलला रेंज नाही. फाट्यावर आहे, तीही कडुबाच्या पत्र्याखाली, भजीच्या कढईच्या डाव्या बाजूला. संदेश कडुबाच्या फोनवर येई. कडुबा तो एसटीच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर खडूने लिही. भारत चहाला येत, पत्ता वाचत, कार्यालयात परत जात आणि हुकूम सोडत. (संदेश थेट भारत यांच्याच फोनवर पाठवला असता तर फाट्यावर आल्यावर तो त्यांनाही मिळाला असता, ही गोष्ट लक्षात आली तेव्हा फळ्याला नवा ऑइलपेंट देऊन झाला होता.)

यंत्रणा पहिल्या दिवसापासून निर्दोष चालली. २५ एप्रिल, ५ मे आणि १४ मे या तिन्ही पाळ्यांना मोटार वेळेत चालू झाली. यशाचे प्रमाण शंभर टक्के. भारत यांचा चहा दिवसाला दोन कपांवरून सातवर गेला. मेंढ्यांचे वजन वाढले. कडुबाला तर या कामाची गोडी लागली. भारत फाट्यावर दिसले की तो कढईतून मान वर न करता सांगे, “भारतशेठ, तुमचा रातच्याला एकशे बारावरून दोनशे सातवर गेला बघा. आधीचे आकडे तेच हायेत. गाव तेच, आळी बदलली.” किंवा, “आज सकाळधरनं तीनदा हलला. तिकडं चारा नाय वाटतं.”

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. प्रथम गोजरबाईंच्या जावयाने तशीच यंत्रणा बसवून घेतली. मग वसाहतीतल्या दहा-बारा जणांनी. मग त्यांच्या साडूंनी, मेव्हण्यांनी आणि कार्यालयातल्या मित्रांनी. भारत यांनी ती सर्वांना निःस्वार्थपणे जशीच्या तशी दिली. परवलीचा शब्दही सर्वांना एकच दिला, ‘भुरी’. वेगवेगळे शब्द ठेवले असते तर लोक विसरले असते. यंत्रणा शहरात नेमकी किती घरांत पोहोचली याचा आकडा आज कोणाकडेही नाही. त्यांपैकी फाट्यावर येणाऱ्यांचे कॉम्प्युटर तेवढे फळ्यावर लागले: एसटीच्या सहा गाड्या राहिल्या आणि कॉम्प्युटर चौतीस झाले.

चौतीस म्हटल्यावर समिती आली. १९ मेच्या रविवारी हॉटेलात बैठक होऊन तीन ठराव झाले. एक: फळ्यावर हात टेकून उभे राहू नये. दोन: चहाचे शिंतोडे हे टिंब समजू नये. (चाराऐवजी पाच आकड्यांचा पत्ता वाचून एक सभासद दोन दिवस हैराण होता.) तीन: जग इंग्रजी आकड्यांवर चालते, सबब यापुढे फळ्यावरचे सर्व आकडे इंग्रजीत लिहावेत. कडुबाने तिन्ही ठरावांना मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू केला. एक, दोन, तीन त्याला लगेच जमले. शून्य तर आधीच जमत होते. चार मात्र जमेना. कडुबाचा हात चाराला आला की आपोआप मराठी वळण घेई. ही बाब समितीच्या निदर्शनास आली नाही.

शुक्रवार, २४ मे रोजी सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी वीज गेली आणि आली. कॉम्प्युटरने नेमाने फाट्यावर सांगितले. कडुबाने नेमाने लिहिले. शेवटचा आकडा होता एकशे पंचेचाळीस. कडुबाने एक इंग्रजी काढला, पाच इंग्रजी काढला आणि मधला चार मराठी. भारत यांनी ठराव क्रमांक तीन मनात धरून तो आठ वाचला.

दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी एकशे पंच्याऐंशीला ‘मोटार चालू’ असा हुकूम सोडला. दोन सेकंदांत उत्तर आले: ‘मोटार चालू.’ चाळीस मिनिटांनी ‘मोटार बंद’ असा हुकूम गेला. ‘मोटार बंद’ असे उत्तर आले. इतके शिस्तबद्ध काम यंत्रणेने आजवर केले नव्हते. भारत आनंदाने फाट्यावर गेले आणि आठवा चहा प्यायले. तिथेच कडुबाचा फोन वाजला. बानाबाईंचा होता. कडुबाने तो भारत यांच्या हातात दिला.

“नळ यिऊन गेला रं. टाकी कोरडी ठणठणीत.”

“आसं कसं, आई? मोटार चालू झाली. मला उत्तर आलं ना!”

“झाली आसंल कुणाची तरी.”

“तू पाणी बघितलंस?”

“बघितलं की. समोर उभी होते. लई झ्याक येत व्हतं. भितीला हात लावून बघितला. बटण व्हतं तिथं. पिलास्टर लई पक्कं केलंस.”

दुसरी पाळी हुकली होती. निर्णय आधीच एकमताने झालेला असल्यामुळे पुन्हा बैठकीची गरज नव्हती. कन्नडचे जीपवाले अप्पाराव रविवारी, २६ मेला, मेंढ्या घ्यायला येतील आणि त्या पुढच्या बाजाराला जातील, असे भारत यांनी आईला कळवले. बानाबाई “बरं” म्हणाल्या. हे उत्तर संमतीदर्शक मानण्यात आले.

रविवारी सकाळी अप्पाराव जीप घेऊन पोहोचले. घराला कुलूप होते. किल्ली गोजरबाईंकडे होती. मागच्या मोकळ्या जागेत तीन खुंटे होते.

“कुठं गेली मावशी?” अप्पारावांनी विचारले.

“मला काय सांगती? मी काय फाटा हाय?” गोजरबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कडुबाचा फोन वाजला. कोणत्या तरी हॉटेलवाल्याच्या फोनवरून बानाबाई बोलत होत्या. त्या म्हणाल्या, “कडुबा, लिही.” कडुबाने फळ्यावर, कॉम्प्युटर क्रमांक चौतीसच्या खाली, लिहिले. तेव्हापासून आजपर्यंतच्या नोंदी अशा:

२७ मे. बानाबाई, मेंढ्या तीन. वाळूजच्या पल्याड. पाणी नाही.
२९ मे. लिंबे जळगाव. हापशाला थोडं.
३१ मे. ढोरेगाव. कानी लंगडते, पण चालते.
२ जून. गंगापूर मागं टाकलं. कायगावच्या अलीकडं, नदीकाठी. पाणी हाय.

संपूर्ण फळ्यावरच्या या सर्वांत अचूक नोंदी आहेत, असे समितीचे मत पडले. एकाही नोंदीला उशीर झालेला नाही. कॉम्प्युटर वीज गेल्यावर सांगतो. बानाबाई निघण्याआधी सांगतात.

भारत दोनदा जीप घेऊन गेले. दोन्ही वेळा ते पोहोचले तेव्हा चूल गार होती आणि लेंड्या ताज्या होत्या. परत येऊन त्यांनी कडुबाला विचारले, “आत्ता कुठं आसंल ती?”

“फळ्यावर हाय तेवढंच खरं, शेठ. हलली की सांगल.”

“तिला म्हणावं, एका जागी थांब. मी येतो न्यायला.”

“म्हनलं की म्या. तर म्हनली, त्याला सांग, आधी भितीला बटण लाव. मंग बघू.”

बटणाचा प्रस्ताव विचाराधीन आहे. प्लास्टर फोडावे लागेल, आणि फेब्रुवारीतल्या अहवालाचे काय करायचे हा प्रश्न आहे. फळ्यावरची शेवटची नोंद २ जूनची आहे. त्यानंतर फोन आलेला नाही. पाणी आहे म्हणून त्या थांबल्या असतील, असे कडुबा म्हणतो. भारत दिवसाला आता अकरा चहा घेतात आणि फळ्याकडे तोंड करून बसतात.

फळ्याच्या तळाशी कडुबाने समितीच्या परवानगीशिवाय एक सूचना लिहिली आहे. आकडे मराठीत आहेत. ‘२४ मेला सकाळी दहा वीसला ज्यांची मोटार आपोआप चालू होऊन टाकी भरली, त्यांच्याकडं तीन मेंढ्यांचं १३५ लिटर पाणी गेलंय. त्यांनी फोन करावा.’ खाली नंबर आहे.

हा मजकूर छपाईला जाईपर्यंत एकही फोन आलेला नाही. नळाला पाणी न आल्याच्या तक्रारी शहरात रोज होतात. टाकी आपोआप भरल्याची तक्रार आजवर कोणीही केलेली नाही. तुम्हीही नाही.